बायकांचं वाळवण

टक्.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्, टक्.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दोरीवर एकच ऑक्टोपस काढायचा राहिला होता. मार्चातला, उन्हाने लाकडासारखा कडक झालेला. वारा सुटला की त्याचे पाय निळ्या झडपेवर आपटत. एरवी हा आवाज कुणाच्या लक्षातही आला नसता. पण फरजानीने बोलणं संपवलं होतं, कुसकुसची परात मधोमध तशीच निवत होती, आणि चटईवर बसलेल्यांपैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"मायसेम," दलेंदा लेकीला म्हणाली, "जा, ती दोरी वर बांधून ये."

सहा वर्षांची मायसेम जागची हलली नाही. मोठी माणसं अशी गप्प बसली की पुढे काहीतरी ऐकण्यासारखं असतं, एवढं तिला या घरात राहून कळलेलं होतं.

"परत सांग," हाज तिजानी मुलाला म्हणाले. आवाज चढला नव्हता, हीच काळजीची गोष्ट होती. "हळू सांग. मला नीट समजून घेऊ दे."

"काय सांगू परत, बाबा? काल स्फाक्सला मुनीरच्या पोरीचा साखरपुडा होता. फातिहा वाचायची वेळ झाली, सगळ्यांनी हात उघडले, मीही उघडले. लग्नांच्या पंगतींचा ठेका घेणारे सी लुत्फी माझ्या शेजारी बसले होते. दिवसभर आमचं जुलै-ऑगस्टच्या लग्नांबद्दल बोलणं चाललं होतंच. ते कानाशी लागून म्हणाले, आपलंही ह्याच फातिहात धरू या का? आणि मी..." फरजानीने बोटाने चटईची काडी उकरली. "मी मान हलवली."

"म्हणजे दुसऱ्याच्या पोरीच्या साखरपुड्यात बसून तू ऑक्टोपस विकलास," त्याची आत्या अल्जिया म्हणाली. "बरं झालं, त्या गडबडीत नवरी सी लुत्फीला देऊन आला नाहीस."

कुणी हसलं नाही. फरजानी तिचा लाडका भाचा, त्याला बोलायचा हक्क फक्त आपला, असं ती मानत असे.

"किती?" त्याच्या बहिणीने, दलेंदाने, विचारलं.

"अकरा लग्नं. प्रत्येकाला साठ किलो. ताजा. पंचेचाळीस दिनार किलो, दलेंदा. जानेवारीत तू बाविसाने देतेस."

"जानेवारीत तो असतो."

 गेल्या पंधरवड्यात, ठरल्या दिवशी, बाबांनी ऑक्टोपस धरायची, दोराला बांधलेली सगळी मडकी समुद्रातून वर घेतली होती. बंदीचा कायदा सरकारने नंतर केला. या घराचा नियम बाबांच्या आजोबांपासूनचा. मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत समुद्राच्या आपल्या तुकड्यात एक मडकं टाकायचं नाही. खजुराच्या झावळ्यांच्या भिंती रोवून मासे वळवायची जी शरफिया, तीसुद्धा जून लागताच उपटून ठेवायची. त्या तुकड्याचा जुना कागद, जुन्या बे राजांच्या काळातल्या शिक्क्याचा, अजून बाबांच्या उशाखालच्या पत्र्याच्या डब्यात होता. केरकेन्ना बेटावर असे कागद पुष्कळ घरांत आहेत. पण कागदाबरोबर नियमही सांभाळलेली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि ती बोटं मोजताना लोक पहिलं नाव हाज तिजानींचं घेत.

दुसरं असं, की ज्या बोलण्यावर फातिहा वाचली ते बोलणं हाज तिजानींच्या घरातून कधी मागे घेतलं गेलं नव्हतं. एकदा तर त्यांनी वाळूत रुतलेली होडी ठरलेल्या भावात विकली होती, कारण फातिहा वाचली तेव्हा ती पाण्यावर होती.

"माझ्याबद्दल लोक दोन गोष्टी बोलतात," ते आता म्हणाले. "तुम्हाला माहीत आहेत त्या. चारच्या लूद बोटीने तो सी लुत्फी येतोय. लूद धक्क्याला लागली की त्यातली एक गोष्ट संपली. कुठली सोडायची, तेवढं मला कुणीतरी सांगा."

"बाबा, दोन दोर टाकले की झालं," फरजानी पुढे सरकला. "दोनशे मडकी, लांब, खोल पाण्यात. आणि आपण नाही टाकले म्हणून काय वाचतं? रोज पहाटे त्या मोठ्या होड्या तळ खरवडून नेतात. आपण जे सोडतो ते त्यांच्या जाळ्यात जातं. नियम आपला आणि माल त्यांचा. माझं इंजिन दोन वर्षं खोकतंय. मी काय चोरी करायला सांगतोय का?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच दलेंदाला जड जात होतं. त्या होड्यांचा घरघराट तीही पहाटे ऐकायची. पण गेली तीन वर्षं स्फाक्सच्या नऊ स्वयंपाकघरांचे फोन तीच घेत होती. कुठल्या महिन्यात कुठला मासा, अंगात चरबी कधी, भाव कधी उतरणार, हे ती आधी सांगून टाकी. नसेल तेव्हा "नाही" म्हणे. सुरुवातीला आचारी वैतागायचे. आता तेच एकमेकांना सांगत, तिजानीची मुलगी नाही म्हणाली म्हणजे बाजारात शोधू नका, मिळेल ते खराब असेल. हे "नाही" तिने स्वतः कमावलं होतं. जुलैत दोन दोर पाण्यात गेले की त्याची किंमत शून्य.

ती उठली. परात उचलली.

"अम्ती," ती आत्याला म्हणाली, "जरा आत येता?"

*

स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली होती. तिला खिडकी नव्हती, आणि दाराला कुलूपही कधी लागलं नव्हतं. ज्या ऑक्टोपसचा पाय तुटलेला, जो वजनात बसत नाही, ज्याला लिलावात कुणी हात लावत नाही, तो बायकांचा. बायकांनी तो दगडावर आपटायचा, मीठ लावून दोरीवर घालायचा आणि या खोलीत ठेवायचा. त्यातून काय विकलं, काय उरलं, हे पुरुषांनी विचारायचं नाही. खोलीत पाऊल टाकायचं नाही. काही हवं असेल तर दारातून हाक मारायची. हाज तिजानी सत्तर वर्षं दारातूनच हाक मारत आले होते. अल्जियाच्या लग्नातल्या बांगड्या याच खोलीतून आल्या, दलेंदाच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं पहिलं वर्षही. नवरा स्फाक्सला नोकरीला, लेक लहान, म्हणून ती बेटावरच राहिली तेव्हा आत्याने तिच्या हातात याच खोलीचा झाडू दिला होता.

आत पाय ठेवताच समुद्र आणि उन्हाचा तो जुना वास अंगावर आला. भिंतीला टेकून पोती उभी होती.

"किती असतील?" दलेंदाने विचारलं.

"ऐंशी नग." अल्जियाला मोजायची गरज नव्हती. "आणि तू विचारायच्या आधीच सांगते, ते फरजानीच्या इंजिनासाठी आहेत. मी त्याला शब्द दिलाय. लग्नसराई संपली की विकणार."

"संपल्यावर कशाला? सराईतच विका."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. ती मूर्ख नव्हती; भाचीच्या डोक्यात काय चाललंय हे तिला वाक्य संपायच्या आत कळलं.

"माझं वाळवण घेऊन तू माझ्याच पोराला खोटं पाडणार?"

"खोटा तो पडलाच आहे, अम्ती. हात उघडून बसलाय बिचारा, आणि ते मिटवायचे कसे ते त्याला कळत नाहीये. बाबांनाही कळत नाहीये. का? कारण या खोलीत काय आहे हे त्या दोघांना ठाऊकच नाही. शंभर वर्षं आपण त्यांना सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर राहिलं असतं का?"

"नसतं राहिलं."

यावर अल्जिया पहिल्यांदा हसली. मग एका पोत्यावर बसून तिने गुडघे चोळले.

"ऐंशीने काय होणार? अकरा लग्नं आहेत."

"रस्स्याला थोडा पुरतो. आणि शेजारी आहेत ना."

"हं." आत्या विचारात पडली. मग म्हणाली, "दोन अटी. एक, भाव मी सांगणार. तुझं मन मोठं आहे, ते दुसरीकडे वापर. दोन, फातिहा वाचायची तर माझेही हात उघडे असतील. पडद्याआडून नाही, त्यांच्यात बसून. माल माझा आहे."

दलेंदाने वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

मायसेमला चार घरी पिटाळलं. प्रत्येक घरातल्या बाईने, आपल्याकडे दहा वाळके असतील तर एक, वीस असतील तर दोन, अशा खजुराच्या बिया तिच्या खिशात टाकायच्या. पोर धावत गेली आणि अर्ध्या तासात फ्रॉकचा खिसा मुठीत धरून परत आली. एकोणीस बिया, म्हणजे एकशेनव्वद वाळके.

"वीस होत्या," ती म्हणाली. "खदौजने एक जास्त दिली होती, मग तिच्या सासूने परत काढून घेतली."

"सासू अजून मोजू शकते, छान," अल्जिया म्हणाली.

*

सी लुत्फी सव्वाचारला आले. बारीक, टापटीप माणूस. चारशे पानांच्या पंगती उठवतो पण स्वतः चिमणीसारखा खातो, अशी त्यांची ख्याती. येताना मिठाईचा डबा आणला होता, तो त्यांनी हाज तिजानींसमोर दोन्ही हातांनी ठेवला. फरजानी दाराशी उभा होता. दलेंदाने परात तापवून पुन्हा आणली. जवाचा कुसकुस, वर लाल रस्सा, आणि त्यात काल रात्रीपासून भिजवलेल्या ऑक्टोपसचे जाड तुकडे.

सी लुत्फींनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली न ठेवता विचारलं, "वाळका?"

"वाळका," दलेंदा म्हणाली. "तुमच्या लग्नांना मी हा देऊ शकते."

"उत्तम आहे. माझी आजी ईदला करायची. पण मुली, माझं बोलणं ताज्याचं झालंय. तुझ्या भावाशी. कशावर, ते तुला त्याने सांगितलं असेल."

"सांगितलं. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. आम्ही मागे घेणार नाही, ते आमच्याकडे होत नाही. तुम्ही सोडलंत तरच सुटेल. नाही सोडलंत, तर बाबा जुलैत दोर टाकतील."

हाज तिजानींनी मान वर केली. आपण काय करणार हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. पण मुलगी बोलत होती आणि तिला अडवावंसं त्यांना वाटलं नाही.

"मग टाकू देत," सी लुत्फी नरमाईने म्हणाले.

"टाकतील. पण मडक्यात काय येईल ते ऐका. आपल्या मडक्यांत आमिष नसतं, तुम्हाला माहीत आहे. थंडीत तो आसरा शोधत येतो, धष्टपुष्ट असतो. आता येते ती मादी, अंडी घालायला. आत छताला द्राक्षांच्या घोसासारखी अंडी लावते आणि त्यांच्यापाशी बसून राहते. महिना, दीड महिना. काही खात नाही, हलत नाही, नुसतं पाणी फिरवत राहते. तिला वर ओढलंत तर किलोभर कातडं मिळेल. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुठून तरी घेतला होतात ना?"

सी लुत्फींनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

"कुणी सांगितलं?"

"वाढपी सांगतात."

"नवऱ्या मुलाच्या मामाची कवळी निघाली," ते शेवटी म्हणाले. "पंगतीत. व्हिडिओवाल्याने नेमकी तीच टिपली."

दाराशी उभ्या फरजानीला हसू आवरलं नाही. ते ऐकून सी लुत्फीही हसले, आणि खोलीतली हवा थोडी सैल झाली.

"त्या एकीबरोबर पुढच्या थंडीतला मालही जातो," दलेंदा म्हणाली. "तुम्ही डिसेंबरात कुणाकडे येणार? माझ्याकडेच. तेव्हा मी चाळीस सांगेन आणि तुम्हाला द्यावे लागतील, कारण समुद्रात असणारच नाहीत. त्याऐवजी आज माझं ऐका. लग्नांना वाळका घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल पहिली निवड तुमची, चोविसाने. बाजार कुठेही जाऊ दे. मे ते पाऊस, तुमचा फोन मी उचलेन, पण त्यात फक्त तब्येत विचारायची."

"तीन घरांच्या पत्रिकेत ताजा छापलाय. ती माणसं ऐकणार नाहीत."

"त्यांना निळे खेकडे घाला," अल्जिया आतून येत म्हणाली. तिने नवी ओढणी घेतली होती. ती सरळ पुरुषांमध्ये येऊन बसली. "जाळी फाडतात मेले. कुठून आले कुणास ठाऊक, बाकी सगळं खाऊन टाकतात. जितके खाल तितकं पुण्य. आमच्या बायका सोलून देतील."

"आणि वाळक्याचा भाव?"

"किलोला एकशे चाळीस."

सी लुत्फींना चहाचा ठसका लागला. "हाज्जा, सोन्याचा आहे का?"

"सोनं भिजवलं की तिप्पट होत नाही."

"शंभर."

"माझ्या हाताकडे बघ, बाळ. एकेकाला चाळीस वेळा दगडावर आपटलंय. शंभर म्हणालास तर मी उठले."

हाज तिजानी आळीपाळीने दोघांकडे बघत होते. आपली बहीण भाव करते हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सी लुत्फी एकशे पाचावर आले. अल्जिया एकशे तीसवर बराच वेळ बसली, मधेच त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांना आणखी एक तुकडा वाढला, आणि एकशे बावीसला उतरली.

"आठ लग्नं," सी लुत्फी म्हणाले. "तीन खेकड्यांची. ती तीन घरं मला शिव्या देतील, तो माझा वाटा." मग ते फरजानीकडे वळले. हा भाग थट्टेचा नव्हता. "मुला, साखरपुड्यातलं आपलं बोलणं मी सोडलं. देवासमोर सोडलं. ये, बस."

फरजानी येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा संकोच जास्त होता. सगळ्यांनी हात उघडले. अल्जियाचे तळवे मिठाने पांढुरके पडलेले, कडेकडेने चिरलेले. दलेंदाचे ओले, कारण ती भांडी अर्ध्यात टाकून आली होती. आठ-दहा श्वासांचं ते पुटपुटणं संपलं, तेव्हा मायसेमनेही आपले दोन तळहात चेहऱ्यावरून फिरवले, सगळ्यांपेक्षा थोडे उशिरा.

सी लुत्फी नमुन्यासाठी दोन वाळके घेऊन निघाले. फरजानीने न सांगता खिडकीबाहेरचा तो शेवटचा ऑक्टोपस दोरीवरून सोडवला आणि त्यांच्या पिशवीत वर ठेवला.

"हा माझ्याकडून," तो म्हणाला. "दुपारभर डोकं खाल्लंय त्याने."

पाहुण्यांना धक्क्यावर सोडून तो परत आला तेव्हा आत्या त्याची वाट बघत होती.

"इंजिन येईल," ती म्हणाली. "पण होडीवर रंगाने माझं नाव लिहायचं. मोठं."

"होडीवर बाईचं नाव? लोक हसतील, अम्ती."

"हसू दे. साखरपुड्यातला ऑक्टोपस म्हणून नाहीतरी हसणारच आहेत."

 थोड्या वेळाने अंगणातून त्याचा आवाज आला. तो मायसेमला विचारत होता की अल्जियाच्या पहिल्या अक्षराला कुठला रंग चांगला दिसेल.

हाज तिजानी मात्र बराच वेळ जागेवरच होते. मग ते उठले, स्वयंपाकघर ओलांडून त्या अरुंद खोलीच्या दाराशी आले, आणि उंबऱ्याबाहेर थांबले. हाक मारली नाही. आत पोती बांधत असलेल्या दलेंदाने मागे वळून पाहिलं.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं.

 उत्तर दलेंदाच्या मागून, खोलीच्या आतून आलं.

"चपला काढ," अल्जिया भावाला म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या. मशिदीत जातात तसे उजवा पाय आधी टाकून ते आत आले, एका पोत्याच्या तोंडात हात घातला, एक ऑक्टोपस काढून हातावर तोलला, नाकाशी नेला. पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"सत्तर वर्षं मला वाटायचं," ते म्हणाले, "हे घर माझ्या मडक्यांवर चालतं."

जाताना त्यांनी दलेंदाच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे होता, आणि दलेंदाला आपली मान आपोआप ताठ झाल्याचं जाणवलं.

*

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा कुठे ती जेवायला बसली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं; अल्जियाच्या आलं होतं. आत्याने ताट पुढ्यात आपटलं, त्यात तळाचा, रस्सा मुरलेला कुसकुस वाढला, वर स्वतःच्या वाटणीचा तुकडा टाकला आणि म्हणाली, "खा आता. विकायला तोंड आहे, खायलाही असेल."

मायसेम आईच्या मांडीला टेकून बसली. बाहेर ओहोटी लागली होती. पाणी मागे सरून ओली वाळू लांबवर चमकत होती.

"उम्मी, जद्दी आजोबांनी ते एक मडकं परत पाण्यात सोडलं होतं ना? सगळी वर काढली त्या दिवशी. दोर कापून."

"हो."

"त्यात ती होती. मी पाहिली होती. पांढरे घोस पण होते."

"हो, होती."

"ती अजून तिथेच बसलीये?"

"अजून तिथेच."

"काहीच न खाता?"

"काहीच न खाता, राणी."

मायसेमने विचार केला. तिने आईच्या ताटाकडे पाहिलं, मग हातात डाव घेऊन उभ्या असलेल्या आत्याआजीकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"मग तिला कोण वाढतं?"